विचार करून चरबी जळत नाही: बैठ्या अभ्यासात या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावातल्या अभ्यासिकेत सकाळी सहाला डोकावा, खुर्च्या भरलेल्या असतात. एमपीएससी, तलाठी, नीट, बँकेच्या परीक्षा. पोरं-पोरी दहा-बारा तास मान खाली घालून बसतात. मी जळगावात आहारसल्ल्याचं काम करते आणि या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "ताई, दिवसभर डोकंच तर चालवतोय, मग पोट कसं सुटतंय?" घरच्यांच्या मनातही तेच असतं. लेकरू डोक्याचं काम करतंय, त्याला जास्त खायला लागणारच. मग भाकरीवर तूप वाढतं, डब्यात एक पोळी जास्तीची येते, आणि दोन वर्षांनी परीक्षेच्या फोटोतला चेहरा ओळखू येत नाही.

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर कोणी नीट देत नाही, म्हणून मुलं व्हिडिओ पाहून स्वतःच काहीतरी ठरवून टाकतात. त्यातल्या ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे मांडते.

चूक: 'मेंदू वीस टक्के ऊर्जा खातो' एवढंच लक्षात ठेवणं

हे वाक्य खोटं नाही. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा, म्हणजे वजनाच्या दोनेक टक्के. पण आपण स्वस्थ पडून असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, तिच्या सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. दिवसाला १,५०० कॅलरी हा स्वस्थ शरीराचा खर्च धरला तर मेंदूच्या वाट्याला ३०० येतात. तासाला साडेबारा.

गोम पुढे आहे. हा खर्च तुम्ही राज्यघटनेची कलमं पाठ करत असा किंवा छताकडे बघत पडलेले असा, जवळजवळ तेवढाच राहतो. चेतापेशींना सतत विद्युतभार सांभाळून ठेवावा लागतो, सोडियम-पोटॅशियम आतबाहेर ढकलावं लागतं, एकमेकींशी बोलत राहावं लागतं, आणि हे काम झोपेतही थांबत नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस रायकल यांनी मेंदूच्या ऊर्जेवर अनेक वर्षं काम केलं. त्यातून दिसलं ते असं, की एखाद्या कामात मन गुंतवलं म्हणून मेंदूचा खर्च वाढतो तो पाच टक्क्यांच्याही आत.

केळीच्या बागेत ठिबक चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. मोटार चालूच आहे. तुम्ही वॉल फिरवून पाणी या प्लॉटमधून त्या प्लॉटला देता. एका बाजूला पाणी जास्त गेलं, दुसऱ्या बाजूला कमी झालं, पण विजेचं बिल तेवढंच. गणित सोडवताना मेंदूच्या एका भागात रक्त जास्त जातं, स्कॅनमध्ये तो भाग लालभडक दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की केवढी आग पेटली आहे. एकूण हिशेबात फरक नगण्य असतो.

आता आकडा काढू. तासाला साडेबारा कॅलरी, तिचे पाच टक्के म्हणजे अर्ध्या कॅलरीच्या थोडं वर. दहा तास जीव ओतून अभ्यास केला तरी मेंदूने जास्तीच्या खाल्लेल्या कॅलरी सहा-सात.

हे कोणी मोजलं आहे का? हो, आणि फार पूर्वी. बोस्टनच्या पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि त्यांच्या पत्नी कॉर्नेलिया यांनी लोकांना मनातल्या मनात किचकट गुणाकार करायला लावले आणि त्या वेळी त्यांच्या श्वासातून किती ऑक्सिजन खर्च होतो ते मोजलं. १९३० साली त्यांनी निष्कर्ष छापला. नाडी थोडी वाढते, श्वास थोडा बदलतो, आणि सगळ्या शरीराचा मिळून खर्च तीन-चार टक्क्यांनी वाढतो. तासभराच्या कठीण बौद्धिक श्रमाला लागणारी जास्तीची ऊर्जा अर्ध्या खारवलेल्या शेंगदाण्यातून भागते, असं त्यांनी लिहून ठेवलं.

अर्धा शेंगदाणा. आपल्याकडे तो ठेच्यात असतो, भरताच्या फोडणीत अख्खा असतो, अभ्यासिकेबाहेरच्या गाडीवर पुडीत असतो. त्या पुडीत ३० ग्रॅम दाणे असले तरी १७० कॅलरी होतात. मी मुलांसमोर एक दाणा घेते, नखाने त्याच्या दोन डाळिंब्या करते आणि एक त्यांच्या तळहातावर ठेवते. एवढं, म्हणते, तासाचं. त्यानंतर मला फार समजवावं लागत नाही.

चूक: बुद्धिबळपटूंचे आकडे स्वतःला लावणं

'ग्रँडमास्टर एका दिवसात सहा हजार कॅलरी जाळतात' हे तुम्हीही वाचलं असेल. जरा जमिनीवर आणून बघा. साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साधारण ६० कॅलरी लागतात. जळगाव-भुसावळ अंतर पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे सहा हजार कॅलरींसाठी भुसावळला पळत जायचं, पळत परत यायचं, आणि लगेच पुन्हा एकदा जाऊन यायचं. पटासमोर बसलेला माणूस हे करू शकत नाही. हा आकडा श्वास आणि रक्तदाब वाढल्याच्या गोष्टीवरून बांधलेला अंदाज आहे.

तेव्हाचा बुद्धिबळाचा विश्वविजेता कार्पोव्ह याचं उदाहरणही दिलं जातं. मॉस्कोत १९८४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेला कार्पोव्ह-कास्पारोव्ह सामना ४८ डाव होऊनही संपेना, शेवटी फेब्रुवारी १९८५ मध्ये थांबवावा लागला. कार्पोव्ह दहाएक किलोनी उतरल्याची तेव्हा मोठी चर्चा झाली. पण पाच महिन्यांचा ताण, त्यात उडालेली झोप आणि मेलेली भूक, एवढं पुरेसं आहे वजन उतरायला. चाली सुचण्याने चरबी वितळली, असं त्यातून सिद्ध होत नाही.

चूक: थकलो म्हणजे जळालं, असं धरणं

मला वाटतं सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. संध्याकाळी सहाला मुलगा पुस्तक मिटतो तेव्हा तो खरोखर गळून गेलेला असतो. त्याचा थकवा खोटा नाही, आणि त्याला कोणी 'बसून काय थकतोस' असं म्हणू नये. पण तो थकवा इंधन संपल्याचा नसतो. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं की दिवसभर कठीण बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचा पदार्थ साचतो. सोपं काम केलेल्यांमध्ये तसा साचत नाही. म्हणजे टाकी रिकामी झालेली नसते, कचरा उचलायचा राहिलेला असतो. त्यावरचा उपाय झोप आणि विश्रांती, साखर नाही.

इथेच ग्लुकोज पावडरचा विषय येतो. परीक्षेच्या दिवसांत बाटलीत पावडर घोळून घोटघोट पिणारी मुलं मी खूप बघते. मेंदूला दिवसाला १००-१२० ग्रॅम ग्लुकोज लागतं हे खरं, पण ते पोचवायला यकृत बसलेलं आहे. जेवलेल्या निरोगी माणसाच्या रक्तातली साखर अभ्यास केल्याने खाली जात नाही. तीन मोठे चमचे पावडर म्हणजे सव्वाशे-दीडशे कॅलरी, आणि त्या कुठेही खर्च न होता तुमच्यासोबत खुर्चीत बसून राहतात. उन्हात शेतात राबणाऱ्याची, उलट्या-जुलाबाने गळालेल्याची गोष्ट वेगळी. त्यांना तर साधं ग्लुकोजही पुरत नाही, क्षारही लागतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक: अभ्यासानंतरची भूक

कॅनडातल्या क्विबेकच्या लाव्हाल विद्यापीठात २००८ मध्ये एक छोटा, पण फार बोलका प्रयोग झाला. विद्यार्थिनींना एकदा नुसतं स्वस्थ बसवलं, एकदा मजकूर वाचून सारांश लिहायला लावला, एकदा संगणकावर लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्या दिल्या. बौद्धिक कामाने खर्च वाढला तो तीनेक कॅलरींनी. त्यानंतर समोर हवं तेवढं खायला ठेवलं, तर स्वस्थ बसल्यानंतरच्या मानाने दोनशेहून जास्त कॅलरी पोटात गेल्या. आणि गंमत म्हणजे भूक जास्त लागली आहे असं त्यांनी सांगितलंही नव्हतं.

तीन गेल्या, दोनशे आल्या. हे रोज.

आपल्याकडे त्या दोनशे कशाच्या रूपाने येतात ते मला चांगलं माहीत आहे. चारच्या चहाबरोबर एक कचोरी: अडीचशेच्या आसपास. शेवेचे दोन मूठभर तोबरे: शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशे कॅलरी असतात, त्यावरून तुम्हीच मोजा. आणि रात्री मित्रांबरोबर शेवभाजी. शेवभाजी वाईट असं मी कधी म्हणणार नाही. खान्देशात जन्मून तसं म्हणवणारही नाही. पण एकदा घरी एक गोष्ट करून बघा. भाजी झाली की पातेलं पाच मिनिटं न हलवता ठेवा. तर्री वर येईल. पळी आडवी धरून वरचं लालभडक तेल अलगद उचला आणि चमच्याने मोजत वाटीत घाला. एक मोठा चमचा, १५ मिली, म्हणजे १२० कॅलरी. बेनेडिक्ट दांपत्याच्या हिशेबाने (तासाला अर्धा शेंगदाणा, म्हणजे तीनेक कॅलरी) चाळीस तासांचे गुणाकार. चारजणांच्या भाजीवरून चार-पाच चमचे तेल सहज निघतं, आणि चव त्या मसाल्यात आणि भाजलेल्या खोबऱ्यात तशीच राहते. काढलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरा, वाया काही जात नाही.

अभ्यास संपला की लगेच गाडीकडे वळू नका. आधी पंधरा मिनिटं भरभर चाला. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम केंद्रात २०१६ साली ३८ विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. डोक्याचं काम करून नुसते बसून राहिलेल्यांनी नंतर साधारण शंभर कॅलरी जास्त खाल्ल्या. त्याच वेळात पंधरा मिनिटं ट्रेडमिलवर व्यायाम केलेल्यांनी जास्त खाल्लं नाही. मुलांचा अनुभवही मला असाच ऐकायला मिळतो: मेहरुण तलावाकडून एक चक्कर मारून आलं की कचोरीची तलफ निम्मी होते. उरलेल्या भुकेला केळं, मूठभर फुटाणे किंवा ताक पुरतं. मध्यम केळं शंभर कॅलरींचं, आणि रावेर-यावलच्या मातीत राहून त्याला विसरणं बरं नाही.

चूक: घड्याळाच्या आकड्यावर जेवण ठरवणं

हातातलं स्मार्ट घड्याळ नाडी बरी मोजतं, कॅलरी नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणं तपासली. कॅलरीच्या बाबतीत सगळ्यांत बरं निघालेलंही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं, सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्यात सराव परीक्षेच्या धास्तीने, कडक चहाने किंवा मे महिन्यातल्या चव्वेचाळीस अंशांच्या उकाड्याने नाडी वाढली की घड्याळाला वाटतं तुम्ही काम करताय. 'आज बसल्या बसल्या चारशे जळल्या' असं दिसलं तर त्या परत खाऊ नका.

उकाड्याचा दुसरा गैरसमज घामाचा. घाम आला, वजन किलोभर कमी भरलं. ते पाणी होतं, तांब्याभर पाणी पिताच परत येतं. ते यायलाच हवं.

चूक: मनाची ताकद चुकीच्या जागी लावणं

इथे मला जरा सांभाळून लिहावं लागेल, कारण मनाचा शरीरावर परिणाम होतो, आणि तो मी नाकारत नाही. फक्त तो कुठे होतो ते बघू.

२००७ साली हार्वर्डच्या एलेन लँगर आणि आलिया क्रम यांनी सात हॉटेलांतल्या खोल्या साफ करणाऱ्या ८४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना सांगितलं की तुमचं रोजचं कामच उत्तम व्यायाम आहे. बाकीच्यांना काही सांगितलं नाही. चार आठवड्यांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी किलोभर उतरलेलं, रक्तदाबही कमी. 'विचार करून वजन उतरतं' या दाव्यामागे बहुतेक वेळा हाच अभ्यास असतो. पण त्या स्त्रियांनी त्या महिन्यात काय खाल्लं, हात किती जोराने चालवले, हे नेमकं मोजलेलं नव्हतं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी अशीच चाचणी घेतली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. आणि एक गोष्ट नजरेआड होते: त्या बायका आधीपासून दिवसभर राबत होत्या. खुर्चीत बसून राबण्याची कल्पना करत नव्हत्या.

मला त्या अभ्यासातून वेगळंच घ्यावंसं वाटतं. आमच्याकडे कापूस वेचणारी, दोन हंडे पाणी आणणारी, अंगण झाडणारी बाई येते आणि डॉक्टरांना सांगते, 'मी काहीच व्यायाम करत नाही.' तिचा व्यायाम तिच्या पगारात, घरच्यांच्या बोलण्यात, तिच्या स्वतःच्या मनात कुठेच मोजला जात नाही. तो मोजा. मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन यांनी १९९९ मध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. कोणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, कोणाची चार किलोंहून जास्त. फरक पाडला तो उठणं, बसणं, उभं राहणं, येरझाऱ्या अशा बारीकसारीक हालचालींनी.

कल्पनेने स्नायूंचा जोर मात्र वाढतो. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २००४ च्या प्रयोगात बारा आठवडे नुसती कल्पना करून करंगळीची ताकद ३५ टक्क्यांनी वाढली, कारण मेंदूकडून स्नायूकडे जाणारा हुकूम पक्का झाला. प्लास्टरमध्ये हात असलेल्याला हे उपयोगाचं आहे, पोट कमी करू पाहणाऱ्याला नाही.

ध्यानाबद्दलही विचारतात. ध्यानात शरीराचा ऊर्जाखर्च वाढत नाही, उलट थोडा उतरतो. तरी ध्यान जरूर करा, झोपेसाठी करा. कमी झोपलेली माणसं दुसऱ्या दिवशी सरासरी ३८५ कॅलरी जास्त खातात, असं लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलं आहे. रात्री दोनपर्यंत जागून 'जास्त विचार, जास्त जळण' हा हिशेब तिथेच उलटा पडतो.

आणि काळजी. 'काळजीने वाळला' असं आपण म्हणतो, पण वाळतो तो जेवण सुटल्यामुळे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात २०१४ साली ५८ स्त्रियांना तेलकट जेवण देऊन पुढचे काही तास मोजमाप केलं, तर आदल्या दिवशी ताण झालेल्यांनी शंभरेक कॅलरी कमी जाळल्या. निकालाच्या चिंतेने चरबी जळेल, अशी आशा कोणी धरू नये.

मग वजन हलत नसेल तर कुठे बघायचं

आधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, कपड्यावरून नाही. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० च्या वर गेलं की सावध व्हायचं. वजनकाट्यापेक्षा मला हा टेप जास्त खरा वाटतो.

मग चहा मोजा. दोन चमचे साखरेचा दुधाचा कप साठ-सत्तर कॅलरींचा. दिवसाचे सहा कप म्हणजे एका जेवणाएवढं झालं, आणि मुलं ते जेवणात धरतच नाहीत.

पाठांतर उभ्याने करा. नोट्स स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा आणि चालताना ऐका. साठ किलोच्या माणसाला अर्धा तास भरभर चालायला शंभरेक कॅलरी लागतात. बसून राहण्याच्या मानाने हा खर्च अडीच-तीन पट आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर साखरही कमी उसळते. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर, मधल्या उन्हात अजिबात नाही.

जेवताना पुस्तक आणि फोन दोन्ही बाजूला ठेवा. ताटाकडे लक्ष नसलं की माणूस जास्त खातो, आणि काय खाल्लं ते आठवत नसल्याने पुढच्या वेळीही जास्त खातो. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, कांदा, ठेचा हे ताट पोटाला धरून राहतं. ते तासाभरात भूक लावत नाही.

हे सगळं दोन-तीन महिने मनापासून करूनही वजन वाढतच राहिलं, सोबत थंडी सोसत नाही, केस गळतात, बद्धकोष्ठ आहे, पाळी बिघडली आहे, तर टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासून घ्या. आणि उलट, काहीही न करता सहा महिने-वर्षभरात वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर 'अभ्यासाने वाळला' म्हणून समाधान मानू नका. तहान आणि लघवी वाढली असेल तर मधुमेह, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आणि संध्याकाळचा ताप असेल तर क्षय, हात थरथरून छातीत धडधड होत असेल तर वाढलेला थायरॉइड, यांपैकी काहीही असू शकतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका. वहीच्या शेवटच्या पानावर महिन्याचं वजन तारखेसह लिहून ठेवा आणि डॉक्टरकडे जाताना ते पान सोबत न्या.